जास्त कडक म्हणजे नेमकं किती? घरच्या घरी स्प्रिंग मोजताना

मागच्या वेळी अनुमानाबद्दल बोलताना आम्ही म्हणालो होतो की पुढच्या व्याख्यानात एखादी वस्तू हातात घेऊन बोलू. म्हणून आज या दोन स्प्रिंगा आणल्या आहेत. पुढच्या रांगेतल्यांनी हातात घेऊन बघा आणि मागे द्या. दोन्हींची लांबी एकच आहे, २३ सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. बाहेरची जाडीही अठरा मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींच्या खोक्यांवर एकच शब्द छापलेला होता, ‘मध्यम’. या एका शब्दामुळे आमच्या घरात तीन आठवडे काळजीचं वातावरण होतं.

झालं असं. आमच्या पत्नीचा उजवा खांदा गेल्या वर्षी धरला होता. हात खांद्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बरेच दिवस उपचार केले आणि नंतर घरी करायला एक व्यायाम दिला. स्प्रिंगचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची मूठ धरून हळूहळू ओढायचं. हळूहळू वाढवत ती २० सेंटिमीटरपर्यंत पोचली होती. भिंतीवर तशी पेन्सिलची खूणही केलेली होती. मग एके दिवशी त्या साधनाची प्लास्टिकची मूठ तडकली. आम्ही बाजारातून नवीन आणलं, तसंच, ‘मध्यम’. दुसऱ्या दिवसापासून तिचा हात बारा सेंटिमीटरच्या पुढे जाईना. दुखायलाही लागलं. आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, “अहो, खांदा परत गेला बघा.” आणि तिने व्यायाम करणंच सोडलं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे घरातल्या वाक्यांकडेही अनुमान म्हणून बघायची खोड लागलेली आहे. ‘ताण कमी बसतो, म्हणून ताकद कमी झाली’, हे अनुमान आहे. न्यायशास्त्रात अशा अनुमानातल्या एका दोषाला ‘उपाधी’ म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर असणारच, असं कुणी म्हटलं तर ते चुकतं, कारण धुरासाठी ओलं सरपणही लागतं. ती अट बोलणाऱ्याने गृहीत धरलेली असते. आमच्या घरच्या अनुमानातलं ओलं सरपण कोणतं? ‘स्प्रिंग तीच असेल तर.’ ही अट कुणी तपासलीच नव्हती. आणि ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाल्कनीतलं आमचं टेबल, एक बादली, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि शिंप्याची नव्हे, सुताराची पोलादी टेप. एवढ्यावर काम झालं.

आता आधी शब्द साफ करून घेऊ. आपण ‘कडक’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, स्प्रिंग हलायलाच किती जोर लागतो. दुसरी, एकदा हलायला लागली की पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला किती जोर वाढवावा लागतो. तिसरी, किती ओढल्यावर ती कायमची वाकते किंवा तुटते. यातल्या दुसऱ्या गोष्टीला भौतिकशास्त्रात स्प्रिंगचा बलस्थिरांक म्हणतात आणि आपण आज ‘कडकपणा’ हा शब्द तेवढ्याच अर्थाने वापरू. तिसरी गोष्ट म्हणजे मजबुती. ती वेगळी. या तिघींची गल्लत झाली की माणूस बरोबर मोजूनसुद्धा चुकीचं उत्तर काढतो.

तुलना आणि मोजमाप यांतही फरक आहे. फ्रीड्रिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या काठिण्याची एक श्रेणी केली. ज्याने दुसऱ्यावर ओरखडा उठतो ते वरच्या पायरीवर, हिरा सगळ्यांत वर, दहावर. पण दहा म्हणजे पाचाच्या दुप्पट कठीण, असा त्याचा अर्थ नाही. ती फक्त रांग आहे, कोण कोणाच्या पुढे एवढंच सांगणारी. दोन स्प्रिंगा हातात धरून ‘ही जास्त कडक’ म्हणणं हे मोसच्या श्रेणीसारखं आहे. त्यावरून पत्नीला ‘मग किती ओढू?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो, आणि आकड्यामागे एकक लागतं.

हा आकडा मिळू शकतो ही गोष्ट रॉबर्ट हूक यांनी सांगितली. त्यांनी १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा छापला, म्हणजे शोध आपला हे नोंदलं जावं आणि कुणाला कळूही नये. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, ‘दे पोटेन्शिया रेस्टिट्युटिव्हा’ या पुस्तकात त्यांनी कोडं उलगडलं. नियम साधा आहे, जोर ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात ताण वाढतो. पुस्तकाच्या नावाचा अर्थ बघा, ‘पूर्वस्थितीवर आणणाऱ्या शक्तीविषयी’. आपल्या वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार मानले आहेत, वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात स्थितिस्थापकासाठी चटईचं उदाहरण येतं. गुंडाळलेली चटई सोडली की पुन्हा पहिल्यासारखी होते, तसं. आज शाळेच्या पुस्तकात मुलं ‘स्थितिस्थापकता’ शिकतात तो शब्द या कुळातला आहे. आमच्या परंपरेने त्या गुणाला नाव दिलं, जागा दिली. हूक यांनी त्याला वजनं टांगली. दोन्ही कामं लागतात, पण आमच्या खिडकीतला प्रश्न दुसऱ्या कामाने सुटणार होता.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांना घरी करायची असेल त्यांनी लिहून घ्या.

दाराच्या चौकटीला वर एक भक्कम आकडा बसवला. त्याला स्प्रिंग टांगली, खाली बादली. बादली जमिनीपासून वीतभरच वर राहील अशी दोरी बांधली आणि खाली जुनी गादी टाकली. स्प्रिंगच्या पोटातून एक सैल नायलॉनची दोरी ओवून तिची दोन्ही टोकं आकड्यांना बांधली. ताणलेली स्प्रिंग निसटली तर कुठे जाईल याचा नेम नसतो. दोरी तिला धरून ठेवते. आणि चष्मा लावा. आमच्या वयाला तो असतोच, पण तरुणांनीसुद्धा लावा.

बादली दोरीसकट आधी काट्यावर ठेवली. ६०० ग्रॅम भरली. मग ४०० मिलिलिटर पाणी घातलं, झाला एक किलो. त्यापुढे एकेक लिटर. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, हे घरगुती कामाला पुरेसं आहे. तरी आम्ही प्रत्येक वेळी बादली काट्यावर ठेवून खात्री केली.

लांबी मोजताना आमची पहिली चूक झाली. आम्ही जमिनीपासून बादलीच्या कडीपर्यंत मोजत होतो. पण वजन वाढलं की वरचा आकडाही थोडा वाकतो, दोरीही थोडी ताणते. म्हणजे आपण स्प्रिंगसोबत आकडा आणि दोरीही मोजत होतो. एकामागे एक जोडलेल्या वस्तूंचे ताण एकमेकांत मिसळतात आणि सगळी साखळी प्रत्येक कडीपेक्षा मऊ वाटते. उपाय सोपा आहे. स्प्रिंगच्या पहिल्या वेढ्यावर आणि शेवटच्या वेढ्यावर मार्करने खूण करा आणि त्या दोन खुणांमधलंच अंतर मोजा. डोळा खुणेच्या सरळ रेषेत ठेवा, वरून किंवा खालून बघू नका.

जुन्या स्प्रिंगचे आकडे असे आले. १ किलोला ताण शून्य. २ किलोला ४ सेंटिमीटर. ३ किलोला ९, ४ किलोला १४, ५ किलोला १९.

नव्या स्प्रिंगचे असे. १ किलोला शून्य, २ किलोलाही शून्य. ३ किलोला २.४ सेंटिमीटर, ४ किलोला ५.३, ५ किलोला ८.२, ६ किलोला ११.२, ७ किलोला १४.१.

इथे दुसरी चूक होऊ शकते, आणि ती फार लोक करतात. वजनाला ताणाने भागलं की कडकपणा मिळेल असं वाटतं. जुन्या स्प्रिंगवर करून बघा. दोन भागिले चार, अर्धा. पाच भागिले एकोणीस, पाव किलोच्या जरा वर. एकाच स्प्रिंगचे दोन कडकपणे? म्हणजे हूक चुकले? नाही. आपण पहिली आणि दुसरी गोष्ट एकत्र कालवली. अशा ओढायच्या स्प्रिंगा गुंडाळतानाच वेढे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. तो अंगभूत ताण मोडेपर्यंत स्प्रिंग उघडतच नाही. म्हणून भागाकार एकूण वजनाचा करायचा नाही, वाढलेल्या वजनाचा करायचा. जुन्या स्प्रिंगला प्रत्येक जादा किलोमागे ५ सेंटिमीटर ताण. म्हणजे कडकपणा दर सेंटिमीटरला ०.२० किलो. नवीला प्रत्येक जादा किलोमागे जेमतेम २.९ सेंटिमीटर. म्हणजे दर सेंटिमीटरला ०.३४ किलो. पाठ्यपुस्तकातली एककं हवी असतील तर ९८० ने गुणा, १९६ आणि सुमारे ३३३ न्यूटन प्रति मीटर.

चौकटीच्या कागदावर आलेख काढला की हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही सरळ रेषा येतात, पण दोन्ही शून्यातून जात नाहीत. जुनी रेषा वजनाच्या अक्षावर १.२ किलोपासून सुरू होते, नवी २.२ किलोपासून. रेषेची सुरुवात ही पहिली गोष्ट, रेषेचा चढ ही दुसरी. नवी स्प्रिंग दोन्ही बाबतींत जड होती, आणि खोक्यावर मात्र शब्द एकच.

मग आम्ही पाणी एकेक लिटर काढत परत आलो आणि उतरतानाचे आकडे घेतले. चढतानाच्या आणि उतरतानाच्या आकड्यांत दोन मिलिमीटरांहून जास्त फरक नव्हता. शेवटी रिकाम्या स्प्रिंगची लांबी पुन्हा मोजली, ती बदलली नव्हती. हे दोन्ही करायलाच हवं. रिकामी लांबी वाढली असेल तर तुम्ही मोजताना स्प्रिंगच बिघडवली, आणि मग आकडा कोणत्या स्प्रिंगचा हे सांगता येत नाही.

एकाच साक्षीदारावर विसंबू नये, म्हणून दुसरी रीत. बादली काढली, कारण पाणी हिंदकळतं. चार किलो वाळूची पिशवी टांगली, थोडी खाली ओढून सोडली आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. झोका लहान ठेवायचा, वेढे पुन्हा एकमेकांना टेकता कामा नयेत. जुनीला १८.० सेकंद लागले, नवीला १३.९. कडकपणा काढायचं सूत्र असं. वस्तुमानाला ३९.५ ने, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने गुणायचं आणि एका झोक्याच्या वेळाच्या वर्गाने भागायचं. वस्तुमानात स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा एक तृतीयांश मिळवायचा. उत्तरं आली सुमारे १९७ आणि ३३१. एका रीतीत टेप आणि वजनकाटा, दुसरीत घड्याळ आणि वजनकाटा. दोघे स्वतंत्रपणे एकच सांगतात, तेव्हा विश्वास बसायला हरकत नाही.

आता ‘किती’ कळलं, ‘का’ राहिलं. दिसायला सारख्या दोन स्प्रिंगांत इतका फरक कसा? आमच्याकडे व्हर्निअर कॅलिपर नव्हता. पण वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर पट्टी पुरते. पन्नास वेढे मोजायचे आणि त्यांची लांबी घ्यायची. जुन्या स्प्रिंगचे पन्नास वेढे ९० मिलिमीटर भरले, म्हणजे तार १.८ मिलिमीटर. नवीचे १०० मिलिमीटर, म्हणजे तार २.० मिलिमीटर. एक वेढा मोजताना हा दोन दशांशाचा फरक पट्टीवर दिसलाही नसता. पन्नास एकत्र घेतले की चूकही पन्नासांत वाटली जाते.

दोन दशांश मिलिमीटर! त्याने काय होणार, असं वाटतं. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दहा टक्के वाढली तर कडकपणा दहा टक्के नाही, ४६ टक्के वाढतो. आमच्या तारांचं गुणोत्तर १०० ला ९०, त्याचा चौथा घात १.५२. शिवाय तेवढ्याच लांबीत जाड तारेचे वेढे कमी बसतात. जुनीत सुमारे १२९, नवीत ११६. वेढे कमी तितका कडकपणा जास्त, त्यामुळे आणखी १.११ पट. गुणाकार १.६९. आणि आपण बादलीने मोजलेलं गुणोत्तर, ०.३४ भागिले ०.२०, ते १.७०. वेढ्याचा व्यास दोन्हींत जवळजवळ सारखा होता म्हणून तो सोडला. तो वेगळा असता तर त्याच्या तिसऱ्या घाताने कडकपणा उतरला असता.

यातून दोन गैरसमज जातात. एक, स्प्रिंग अर्धी कापली की मऊ होते, हा. उलट दुप्पट कडक होते, कारण वेढे निम्मे झाले. दुसरा, चांगलं पाणी दिलेलं पोलाद जास्त कडक, हा. पोलादाला पाणी दिल्याने स्प्रिंग मजबूत होते, जास्त ओढ सोसून परत जागेवर येते. पण दर सेंटिमीटरचा जोर त्याने जवळजवळ बदलत नाही. तो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या ठरवते. मजबूत आणि कडक हे वेगळे शब्द आहेत, हे आम्ही सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

आता खिडकीकडे परत जाऊ. जुनी स्प्रिंग २० सेंटिमीटर ओढायला किती जोर लागत होता? अंगभूत १.२ किलो, अधिक वीस गुणिले ०.२०, म्हणजे ५.२ किलो. नवी स्प्रिंग ती १२ सेंटिमीटर ओढत होती. २.२ अधिक बारा गुणिले ०.३४, म्हणजे जवळजवळ ६.३ किलो. मंडळी, जिला आपला खांदा परत गेला असं वाटत होतं, ती आधीपेक्षा किलोभर जास्त ओढत होती. आणि नवी स्प्रिंग जुन्या खुणेपर्यंत न्यायची तर ९ किलो लागले असते. रोज ती त्या खुणेकडे बघून स्वतःला नापास करत होती.

आम्ही कागद तिच्यापुढे ठेवला. तिने आकडे बघितले, काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून भिंतीवरची पेन्सिलची खूण तिनेच पुसली.

पण इथे आम्हाला स्वतःलाही आवरावं लागलं. आम्ही स्प्रिंग मोजली होती, खांदा नाही. ५.२ किलो हा आकडा नव्या स्प्रिंगवर ९ सेंटिमीटरला येतो, म्हणून ‘आता नऊपर्यंत ओढ’ असं सांगायचा मोह झाला. पण नऊ सेंटिमीटरपर्यंत हात नेणं आणि वीसपर्यंत नेणं हे सांध्याच्या दृष्टीने एकच नाही. जोर सारखा असला तरी हालचाल वेगळी. म्हणून तो कागद घेऊन आम्ही दोघं फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी खांदा तपासला, कागद वाचला आणि म्हणाल्या, नवी बाजूला ठेवा, जुन्या स्प्रिंगला चांगली मूठ बसवून घ्या. दुखणं थांबल्यावर पुन्हा पंधरापासून सुरुवात. जुनी स्प्रिंग टाकून दिली नव्हती हे नशीब. मूठ आम्ही सागवानाची केली.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे जोडतो.

एकाने विचारलं, दाबायची स्प्रिंग असेल तर? मग बादली नको. वजनकाटा ड्रिलच्या स्टँडखाली ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा, ड्रिलच्या जागी लाकडी दांडा लावा आणि हळूहळू खाली आणत दर पाच मिलिमीटरला काट्यावरचा आकडा लिहा. काट्याच्या क्षमतेच्या पुढे जाऊ नका. एक लक्षात ठेवा, काट्याचं तबकसुद्धा दाबाखाली किंचित खाली जातं, कारण आतली धातूची पट्टी वाकते आणि त्या वाकण्यावरूनच काटा वजन सांगतो. म्हणजे काटा ही सुद्धा एक स्प्रिंगच आहे. म्हणून आधी स्प्रिंगच्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवून तेवढ्याच जोराला किती खाली जातं ते बघा आणि तेवढं वजा करा.

दुसऱ्या श्रोत्या म्हणाल्या, सर, स्प्रिंगने स्प्रिंग मोजायची, मग पहिली स्प्रिंग कुणी मोजली? प्रश्न फार चांगला आहे. आमच्या घरी त्याचं उत्तर पाण्याचा लिटर आणि घड्याळ हे होतं, म्हणजे स्प्रिंग नसलेल्या दोन गोष्टी. पण लिटरचं माप कुणी तपासलं, असं विचारत गेलं तर कुठे थांबायचं? प्रमाणालाही प्रमाण लागतं का, हा नैयायिक आणि मीमांसकांचा जुना वाद आहे. पुढच्या व्याख्यानात तोच घेऊ. येताना घरातली एखादी मोजपट्टी आणा, लाकडी, पोलादी, प्लास्टिकची, कुठलीही. सगळ्या एकमेकींना लावून बघू.